आवाज पाटलाचा

९ नोव्हेंबर १९४२, पाडवा. आसेगाव.

आज तांड्यावर रेडिओ बसला. इंद्रभान पाटलाचा, म्हणजे माझा, हा तिसरा. सणाच्या दिवशी काही चांगलं सुरू करावं म्हणून ही वही काढली आहे. रोज लिहीन असा शब्द देत नाही. आमची मनकर्णा म्हणते, तुमच्यानं रोज न चुकता होणारं काम एकच, बोलणं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा तिला एवढं म्हणायचा हक्क आहे.

पहिला रेडिओ माझ्या ओट्यावर, इथं आसेगावात. दुसरा शिरपूरला, माझा साळा जगदेव याच्याकडे. तिसरा हा आजचा, गावापासून अर्ध्या कोसावर, बंजाऱ्यांच्या तांड्यात. तिन्ही मीच विकत आणले. लढाई सुरू झाल्यापासून अशा कंड्या पिकतात की विचारू नका. आज जपानी कलकत्त्यात उतरला, उद्या मीठ बंद होणार. तीन गावांना एकच खरी बातमी एकाच वेळी कळावी, एवढाच माझा हेतू.

पावसाळ्यात मात्र तालुक्याहून हुकूम आला. एका माणसाच्या नावे एकच रेडिओ. दुसऱ्या गावी ठेवायचा असेल तर परवाना तिथल्या रहिवाशाच्या नावे, आणि यंत्राचा मालकही तोच. साहेब मला तोंडावर म्हणाले, "एका हातात चार गावांचे कान असू नयेत, पाटील." मी म्हटलं, अगदी खरं. शिरपूरचा परवाना जगदेवच्या नावे केला, तांड्याचा तिथला नाईक सोमला याच्या नावे. हुकमात यंत्राचं लिहिलं आहे, बॅटरीचं एक अक्षर नाही. रेडिओ चालतो बॅटरीवर. ती आठ-दहा दिवसांत उतरते आणि भरायला वाशीमला मोटारीच्या गॅरेजात न्यावी लागते. बॅटऱ्या सगळ्या माझ्या, गाडी माझी, गाडीवान चंपतही माझाच. कायदा पाळला आणि कामही साधलं.

सोमलाची बायको मोतीबाई हिनं यंत्राला हळदकुंकू लावलं, गुळाचा खडा ठेवला आणि मला विचारलं, "पाटील, याच्यातून माह्या फुलसिंगचा आवाज येईन काय?"

फुलसिंग तिचा थोरला. माझी कापसाची मोटार तोच चालवायचा. सगळ्या तांड्यात मोटार हाकणारा पहिला गडी. लष्करानं मोटार घेतली तेव्हा सोबत ड्रायव्हरही मागितला, आणि त्याचं नाव मीच दिलं. पगार, कपडे, दोन वेळचं पोटभर अन्न, काय वाईट होतं? तो सिंगापूरला होता. फेब्रुवारीत ते पडलं, तेव्हापासून त्याचं पत्र नाही. मोटार सोपवताना तिचा मोठा पाना सापडला नव्हता, तो त्यानंच कुठं तरी फुंकला असं मला अजून वाटतं. पण सणाच्या दिवशी तोंड कशाला कडू करायचं? मी म्हटलं, येईल, येईल.

२० नोव्हेंबर

तिन्हीकडे रोज दिवेलागणीला रेडिओ लागतो. तिन्ही यंत्रांच्या काचेवर मी लाल शाईनं खूण केली आहे. ती सरकारी केंद्राची. काटा तिच्यावरून हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. बातम्या संपल्या की मी यंत्र बंद करतो आणि लोकांना समजावून सांगतो. नुसती बातमी लोकांच्या काय कामाची? कुठली धरायची, कुठली सोडायची, हे कोणी तरी सांगावं लागतंच.

आज मी जरा लांबवलं असेन. मनकर्णा आतून म्हणाली, "रेडिओची बॅटरी उतरते, तुमची काहून उतरत नाई?" ओट्यावरची मंडळी हसली. मीही हसलो.

जगदेवची मात्र तक्रार आहे. शिरपूरला देवळात यात्रेकरू येतात, त्यांच्यासाठी हा भजनं लावून ठेवतो. बॅटरी पाच दिवसांत थंड. मी चंपतला सांगितलं, पुढची बॅटरी चार दिवस उशिरा ने. जगदेव ताळ्यावर आला. आता भजनं बंद आहेत.

४ डिसेंबर

सोमलाच्या नावचा लष्कराचा कागद आला. तांड्याचे कागद मीच वाचतो, म्हणून तो घेऊन माझ्याकडे आला. "बेपत्ता. बहुधा मृत." मी दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

सोमला उठला आणि घरी गेला. मागाहून मला राहवलं नाही, मीही तांड्यावर गेलो. फुलसिंगची बायको सकरी चुलीपुढं बसली होती, भाकरी तव्यावर जळत होती. लग्नाला दोनच वर्षं झालेली पोर. धाकटा हेमला दाराशी उभा. मोतीबाई रडली नाही. म्हणाली, "बहुधा म्हंजे काय, पाटील?"

मी सांगितलं, बहुधा म्हणजे सरकारला नक्की ठाऊक नाही, पण तसंच वाटतं.

"म्हंजे पाह्यलं कोनीच नाई." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "वाशीमच्या बाजारात बाया बोलून राह्यल्या होत्या. जपानचा रेडिओ धरलेल्या शिपायायची नावं सांगते म्हने. एक डाव तो लावू द्या न."

मी स्पष्ट नाही म्हटलं. शत्रूचं केंद्र चारचौघांत लावणं गुन्हा आहे. यंत्र जप्त होईल, सोमला आत जाईल. तिच्याच भल्यासाठी नाही म्हटलं. मन मात्र दिवसभर जड आहे. तो पोरगा वळणावर भोंगा वाजवताना स्वतःशीच हसायचा, ते सारखं डोळ्यांपुढं येतं.

१९ डिसेंबर

आजचा दिवस वाईट गेला.

तालुक्याचे साहेब तपासणीला आले. शिरपूर पाहिलं, माझं यंत्र पाहिलं, चहा घेतला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग म्हणाले, तांडाही पाहू.

साहेबांनी सोमलाला विचारलं, "नाईक, हे यंत्र कोणाचं?"

मी त्याला चार वेळा पढवलं होतं. नुसतं 'माझं' म्हणायचं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कागदावर माह्यं हाये साहेब. आवाज पाटलाचा."

साहेब हसले नाहीत. वाकून काच पाहिली. काटा लाल खुणेपासून चांगला दोन बोटं सरकलेला होता. मोतीबाई पदर तोंडाशी धरून मागं उभी. साहेब त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. निघताना म्हणाले, "तिन्ही परवाने पुढं चालू ठेवायचे की नाही ते मी संक्रांतीनंतर कळवतो. यंत्रं तीन माणसांची आहेत असं मला दिसलं पाहिजे."

ते गेल्यावर मी सोमलाला विचारलं, तुला असं बोलायची काय गरज होती? तो म्हणाला, "खोटं बोललो असतो तं साहेबाले समजलं असतं, पाटील." काटा कोणी हलवला म्हणून विचारलं तर सगळे मुके.

मी चंपतला सांगितलं, तांड्यावरची बॅटरी काढून गाडीत टाक.

४ जानेवारी १९४३

चंपत आज अंगणात उभा राहून डोकं खाजवत होता. "पाटील, तांड्याची बॅटरी भरून आठ दिस झाले. इथंच पडून हाये. नेऊन देऊ काय?"

म्हटलं, राहू दे.

"राहू दे म्हंजे? काहून?"

मी म्हटलं, त्यांना शिस्त लागली पाहिजे. चंपत बॅटरीकडे बघत म्हणाला, "त्या घरात मरनाचा कागद आला, अन् तुमी शिस्त लावून राह्यले." हा माणूस गाडी चांगली हाकतो म्हणून ठेवला आहे, नाही तर तोंडानं कधीचाच गेला असता.

मनकर्णाही दोन दिवस गप्प गप्प आहे. तिला वाटतं मी खुनशी आहे. मी खुनशी नाही. तीन गावांची सोय टिकवायची तर एखाद्याला आठ दिवस गैरसोय सोसावी लागते. परवाने गेले तर कोणाचंच भलं नाही.

१६ जानेवारी

हे लिहू की नको असं झालं आहे. लिहितो.

आज मनकर्णा हळदीकुंकवाला गेली होती. गडीमाणसं हुरड्याला शेतात. ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. मी रेडिओ आत घेतला होता, दार लावलेलं होतं. बातम्या संपल्यावर मनात आलं, शत्रू काय म्हणतो ते जबाबदार माणसाला ठाऊक असायला हवं. एकट्यानं ऐकणं काही चारचौघांत ऐकवणं नव्हे. काटा हळूहळू सरकवला.

आधी नुसती खरखर. मग एक माणूस हिंदुस्थानीत बोलू लागला. कैद्यांची नावं आणि त्यांचे निरोप. पंजाबातले, मद्रासकडचे, मग एक रत्नागिरीचा. मी बंद करणार होतो. तेवढ्यात आलं, "फूलसिंग, वल्द सोमला नाईक, मोटर ड्राइवर, आसेगाव, ज़िला अकोला."

मी खाली बसलो. बोलणारा वाचून दाखवत होता, आवाज त्या पोराचा नव्हता. पण शब्द त्याचेच होते. "याडी और बापू को राम राम. मैं ठीक हूँ, हाथ पाँव सलामत हैं. हेमला से कहना, पाटील की मोटर का पाना छप्पर में खोंसा है, उनको लौटा देना. सकरी से कहना, राह देखे. मैं आऊँगा."

मग दुसऱ्या कोणाचं तरी नाव लागलं.

याडी म्हणजे आई, तांड्यात तसं म्हणतात. आणि पाना! पान्याची गोष्ट त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? इतक्या दूर, कैदेत, त्या पोराला माझा पाना आठवला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही. फुलसिंग जिवंत आहे. मनकर्णा आली तेव्हा मी काटा लाल खुणेवर आणून ठेवला होता.

१७ जानेवारी

रात्रभर विचार केला. सांगायला तर हवंच. पण कसं?

सांगितलं की पहिला प्रश्न, तुम्हाला कसं कळलं? तांडा म्हणजे शंभर तोंडं. संध्याकाळपर्यंत वाशीमला जाईल की इंद्रभान पाटील जपानचा रेडिओ ऐकतो आणि ऐकवतो. साहेबांचा निकाल याच पंधरवड्यात व्हायचा आहे. तिन्ही परवाने जातील, कदाचित मीही आत जाईन. पोरगा तर सुखरूप आहेच. मी सांगितल्यानं तो जास्त सुखरूप होणार नाही, न सांगितल्यानं कमी होणार नाही. निकाल लागू दे, मग सांगेन. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

शिवाय खरखर पुष्कळ होती. एखादा शब्द चुकीचाही ऐकला असेन.

२५ जानेवारी

मोतीबाई बाजारात भेटली. दोन महिन्यांत बाई निम्मी झाली आहे. म्हणाली, "पाटील, काटा मीच सरकवला होता. चूक झाली. बॅटरी देऊन टाका."

मला एकदम मार्ग सुचला. मी सांगायचं नाही, यंत्रच सांगेल! बॅटरी पाठवून द्यायची आणि काट्याकडे डोळेझाक करायची. ती काटा सरकवणारच. आज ना उद्या नाव पुन्हा लागेल, तिचं ती ऐकेल, माझ्यावर काही येणार नाही. लगेच चंपतला बॅटरी घेऊन पिटाळलं. किती तरी दिवसांनी पोटभर जेवलो.

८ फेब्रुवारी

तांड्यावर सहज म्हणून गेलो. रेडिओ चालू होता. काटा लाल खुणेवर, केसभरही इकडे तिकडे नाही.

मी सोमलाला म्हटलं, कधी कधी दुसरीही केंद्रं लागतात म्हणे. तो हात जोडून म्हणाला, "नाई पाटील. आता कोनी हात लावत नाई. म्या काठी घेऊन बसतो अथी." मोतीबाई मागं बसली होती. तिनं मान खाली घातली.

मी इतकं सुचवलं तरी त्याला कळलं नाही. आता याला काय करावं?

१२ फेब्रुवारी

निकाल आला. तिन्ही परवाने कायम! "यंत्रं तीन स्वतंत्र मालकांची असल्याचे दिसून आले." साहेबांनी मला वेगळं लिहिलं आहे की लढाईच्या काळात अशा खासगी उद्योगाची सरकारला कदर आहे. गावात साखर वाटली.

आता सांगायला हरकत नाही. पण महिना होत आला. इतके दिवस का थांबलात, असं विचारतील तेव्हा काय म्हणू? आणि शत्रूच्या केंद्राबद्दलचा कायदा तर तसाच आहे. कालच परवाना कायम झाला आणि आज मीच कायदा मोडल्याचं सांगत फिरू? थोडं थांबून, निमित्त साधून सांगावं.

६ मार्च

संध्याकाळी वाऱ्यावर तांड्यातली लेंगी ऐकू येते. होळीच्या आधी महिनाभर त्यांची ही गाणी चालतात. यंदा सोमलाच्या घरचं कोणी गात नाही, चंपत सांगत होता.

आणखीही एक सांगितलं त्यानं. "होळीले तांड्याचे पंच बसून राह्यले. सकरीले हेमलाच्या घरात देनार."

त्यांच्यात रीत आहे. थोरला गेला की धाकटा वहिनीला घरात घेतो. सून परक्या घरी जात नाही, माहेरी ओझं होत नाही. आमच्यातही पूर्वी असं होत असे.

मी विचारलं, हेमला काय म्हणतो?

"हेमला म्हनते, भाऊ आला तं म्या त्याले तोंड कसं दाखवू? पंच म्हनतात, सरकारचा कागद हाये, आनखी काय पायजे? सकरीले कोनी विचारलंच नाई."

उद्या सकाळी जातो. ठरलं.

७ मार्च

निघालो होतो. नाल्यापर्यंत गेलो. समोरून पंचांपैकी दोघे येत होते, राम राम झाला, तुरीचं बोलणं निघालं. त्यांच्यादेखत कसं सांगणार? परत फिरलो.

१४ मार्च

वाशीमला युद्ध-समितीची सभा होती. साहेबांनी भर सभेत माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडताना मला छपरात खोचलेला तो पाना दिसत होता. पानतंबाखूवर निभावलं, जेवण गेलं नाही.

होळीला अजून आठवडा आहे.

२१ मार्च, होळी

दुपारी मनकर्णेला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ती पुरणाला बसली होती. हात तसाच पुरणात ठेवून ऐकत राहिली.

"संक्रांतीपासून तुमी हे पोटात ठिवलं?"

मी परवान्याचं सांगू लागलो. तिनं ऐकलं नाही. हात धुतला, पदर खोचला, वहाणा घातल्या आणि म्हणाली, "चला."

वाटभर ती माझ्यापुढं चालली. उभ्या जन्मात ती कधी माझ्यापुढं चालली नव्हती.

तांड्यात होळीची लाकडं रचलेली होती. सोमलाच्या दारापुढं माणसं बसलेली, रेडिओ चालू. सकरी नव्या हिरव्या घागऱ्यात होती. हेमला तिच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीकडे बघत. नवं जोडपं होळीपुढं बसवायचं म्हणून पंचांनी कालच सगळं उरकून घेतलं होतं. मी होळीला म्हणजे आज असं धरून चाललो होतो.

मी उभ्या उभ्या बोललो. रेडिओ चालूच होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही, माझ्या आवाजावर त्याचा आवाज येत राहिला. म्हटलं, फुलसिंग जिवंत आहे. जपानच्या कैदेत आहे. त्याचं नाव मी ऐकलं, निरोप ऐकला.

"कधी?" सोमलानं विचारलं.

मी सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. एक वेळ ओरडले असते तर बरं झालं असतं. हेमला उठला आणि शेताकडे चालता झाला, कोणी हाक मारली नाही. मोतीबाई माझ्या अगदी जवळ आली. "आवाज त्याचाच होता काय? माह्या लेकराचा?"

म्हटलं, नाही. दुसरा माणूस वाचून दाखवत होता. पण त्यानं निरोपात म्हटलं की पाटलाचा पाना छपरात खोचला आहे, तो परत द्यावा.

ती आत गेली. छपराचं गवत खसखसलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाना होता, चिंधीत गुंडाळलेला, तेल लावून ठेवलेला. तिनं तो माझ्या पायाशी ठेवला. "घ्या. तुमची वस्तू भेटली तुमाले."

मग सकरी बोलली. ही पोर माझ्यासमोर कधी बोलल्याचं मला आठवत नाही. "मले काई म्हनला काय?"

सगळा तांडा माझ्याकडे बघत होता. मनकर्णाही बघत होती, तिला तर मी शब्दन् शब्द सांगितला होता.

मी म्हणालो, "राम राम म्हणाला."

"बस?"

"बस."

वाटेत मनकर्णा मागं चालली. पाना माझ्या हातात होता, बऱ्यापैकी जड असतो तो.

२३ मार्च

सोमला सकाळी रेडिओ डोक्यावर घेऊन आला. हेमला मागं बॅटरी घेऊन. ओट्यावर ठेवून सोमला म्हणाला, "आवाज तुमचाच होता, पाटील. यंत्र बी तुमीच ठिवा." मी म्हटलं, कागद तुझ्या नावे आहे. तो म्हणाला, "कागद तं आमच्याकडं लय हायेत." हेमलानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता दोन यंत्रं माझ्या एकट्याच्या घरात आहेत. हुकमाप्रमाणे हे चालत नाही. साहेबांना कळवावं लागेल.

जगदेवला निरोप धाडला आहे की त्याची बॅटरी त्यानंच ठेवावी आणि भजनं लावायची तर लावावी.

२ एप्रिल

मोतीबाई रोज संध्याकाळी येते. ओट्यावर बसत नाही, खाली अंगणात बसते. काही मागत नाही. मी काटा जपान्यांच्या त्या सायगावच्या केंद्राकडे सरकवतो. दार उघडं असतं, गावची चार माणसंही असतात. साहेबांच्या कानावर जाईलच, कदाचित गेलंही असेल. बातम्यांनंतर मी हल्ली काही समजावून सांगत नाही. लोक थोडा वेळ वाट बघतात आणि उठून जातात.

नावं लागतात, रोज वेगळी. आजवर फुलसिंगचं पुन्हा लागलं नाही.

आज मोतीबाईसोबत सकरी आली होती. निंबाच्या बुंध्याशी बसून राहिली. यादी संपली, मोतीबाई उठून फाटकापर्यंत गेली, पण ही बसूनच. मग ओट्याच्या पायरीपाशी आली.

"पाटील," खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिशी तो राम रामच म्हनला न?"

"हो."

"बरं झालं." तिनं पदर नीट केला. "वाट पाह्य म्हनला असता तं म्या काय केलं असतं? हेमला लय भला मानूस हाये. रोज रात्री बाहेर बाजेवर झोपते. मले म्हनते, भाऊ येईपरेंत तू माही वहिनीच. पन पंचायनं अक्षता टाकल्या, आता काय होईन? तो राम रामच म्हनला म्हनून माह्या जिवाले थोडं बरं वाटते."

ती सासूच्या मागं निघून गेली. मनकर्णा दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं असावं. ती आत गेली आणि दिवा लावला.

मी काटा लाल खुणेवर आणला आणि यंत्र बंद केलं.